डोळ्यांचा दाखला

आमच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती आणि ती कुणीही मोडायची नाही, असा मायचा दंडक होता. कपबशा फळीच्या डाव्या कडेला, मीठ चुलीच्या उजव्या अंगाला, तेलाची बुधली त्याच्या मागं, तांब्या माठावर उपडा. अण्णा पाणी पिऊन तांब्या कुठंही ठेवून द्यायचे. माय मागनं जायची, तांब्या उचलायची आणि पुन्हा माठावर पालथा घालायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, 'गुरुजीच्या घरी जाऊन बगा, कसं आरशावानी घर ठिवलंय.' माय टापटिपीची आहे असाच माझाही समज होता, आणि तो कितीतरी वर्षं तसाच राहिला.

अण्णा म्हणजे माझे वडील, जिंतूर रस्त्यावरच्या आमच्या गावात प्राथमिक शाळेवर मास्तर. माय शिकलेली नव्हती. कापसाच्या दिवसांत लोकांच्या रानात वेचणीला, सुगीत कापणीला जायची, एरवी घर आणि मी. बौद्धवाड्यात आमचं दोन खोल्यांचं घर, मागं परसात शेवग्याचं झाड आणि भिंतीपलीकडं पिठाची गिरणी. गिरणीचं इंजिन सुरू झालं की पुक-पुक आवाजानं आमच्या फळीवरची भांडी बारीक थरथरायची. संध्याकाळी विहारात वंदना सुरू व्हायची, त्याच सुमाराला माय भाकरी थापायला बसायची. तिच्या थापेचा आवाज आधी जड आणि संथ, मग भाकरी पातळ होत जाईल तसा हलका आणि चटचटीत व्हायचा. परातीकडं न बघता भाकरी तव्यावर कधी जाणार ते मला कळायचं. अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी, येसराची आमटी, आणि पाहुणे आले की भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुसला, त्यात हिरव्या मिरच्या एवढ्या की घरभर ठसका. मला भाऊ नाही, बहीण नाही. जेवताना आम्ही तिघं आणि मधे तो फोडणीचा वास. आजही माझं लहानपण म्हटलं की आधी आवाज येतात, मग वास. चित्रं फार थोडी येतात, आणि जी येतात तीही मधोमध फाटलेली.

तिसरीत असताना कधीतरी माझ्या डोळ्यांपुढं धुकं यायला लागलं, तेही फक्त मधोमध. माणूस समोर उभं राहिलं की त्याचे खांदे दिसत, कान दिसत, आणि मधला चेहरा पाटीवरचं अक्षर ओल्या फडक्यानं पुसावं तसा पुसलेला. मान तिरपी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं की थोडं काही हाती लागे. म्हणून मी सगळ्यांकडं तिरपं बघायला लागले. 'मान सरळ धर,' माय दबक्या आवाजात म्हणायची. पाहुण्यात, बाजारात, बसस्टँडवर, सगळीकडं. 'मान सरळ धर, लोक बगायलेत.' मी मान सरळ धरायची आणि समोरचं माणूस नाहीसं व्हायचं. मायचा चेहराही मला तिसरीतलाच आठवतो. त्यानंतर ती म्हातारी होत गेली ते मला तिच्या आवाजावरून कळत गेलं.

परभणीला एकदा डोळे दाखवले. चष्मा मिळाला, त्यानं काही फरक पडला नाही, तो ट्रंकेत गेला. पुढं हा विषय कुणी काढला नाही. 'दिसत नाही' हे शब्दच आमच्या घरात नव्हते. 'तिला ऊन सोसत न्हाई' असं माय सांगायची, आणि अण्णा काहीच सांगायचे नाहीत. ते वाचायचे. शाळेतून आले, चहा झाला की ओसरीवर बसून माझं पुस्तक उघडायचे आणि वर्गात उद्या होणारा धडा आज वाचून दाखवायचे. मी ऐकायची. एकदा ऐकलं की बहुतेक सगळं डोक्यात बसायचं, दुसऱ्यांदा ऐकलं की स्वल्पविरामासकट. वर्गात उभं करून वाचायला सांगितलं की मी पुस्तक हातात धरायची, सगळा धडा म्हणायची आणि बरोबर वेळी पान उलटायची. पेपर लिहिताना नाक कागदाला टेकायचं. मास्तरांना वाटे, पोरीला वाकून लिहायची वाईट सवय आहे.

एवढं सगळं जमलं, पण मैत्रिणी जमल्या नाहीत. रस्त्याच्या पलीकडून कुणी हात केला तर तो मला दिसायचा नाही. कुणी हसलं तर मी हसायची नाही. ओढ्यावर जाताना पोरी लांबून खुणा करायच्या, मी तशीच पुढं जायची. 'गुरुजीची पोरगी लय मिजासखोर,' असं गावात झालं. एकदा शेजारची पोर माझ्या तोंडावरच म्हणाली, 'तुला आमी दिसतच न्हाई व्हय गं?' तिनं रागानं विचारलं होतं. मला वाटलं, हिला हो म्हणावं. पण मागं माय उभी होती. मी म्हटलं, 'दिसायलीस की,' आणि मान सरळ धरून घरात आले.

माझं बिंग फोडलं ते जिंतूरच्या कॉलेजातल्या मराठीच्या बाईंनी. मी बारावीला होते. त्या दिवशी बाईंचा आवाज बसला होता. त्या खुणेनंच एकेकाला उठवून वाचायला लावत होत्या, आणि हे मला कळलंच नाही. आधीच्या पोराचं वाचन संपून वर्ग शांत झाला एवढंच कळलं. माझी पाळी आली, बाई माझ्या बाकासमोर येऊन हात हलवत राहिल्या, आणि मी त्यांच्या खांद्याकडं बघून गोड हसले. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, 'नंदा, तुला मी दिसत नाही ना?'   त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

पुढच्या रविवारी बाई आमच्या घरी आल्या. एक संस्था अंध आणि कमी दिसणाऱ्या मुलांना कॉलेजच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते, असं त्यांनी अण्णांना सांगितलं. फी, परभणीच्या वसतिगृहाचा खर्च, धडे ऐकायला टेपरेकॉर्डर, आणि परीक्षेत लिहून देणाऱ्या माणसाची सोय. अट एकच, सरकारी दवाखान्यातून डोळ्यांचा दाखला आणायचा. अण्णांनी दोनदा विचारलं, 'टेपरेकॉर्डर?' अण्णांचा आवाज त्या वर्षी फार लवकर थकत होता आणि बी.ए.ची पुस्तकं जाड असतात, हे त्यांच्या मनात चाललं असेल. माय सुसला करत होती. तिचा झारा कढईत थांबला.

बाई गेल्यावर ती बोलली. 'म्हंजी कागदावर आंधळी लिहून आनायची लेकीला? आन मंग तिला कोन करील, तुमची ती बाई?'

'लिहिलं नाही तर ती पुढं शिकणार कशी?' अण्णा म्हणाले.

'आतापतूर शिकली न्हाई का?'

'आतापर्यंत मी वाचत होतो. परभणीला कोण वाचंल?'

'मंग न्हाई शिकली तरी चालतंय. घरातलं समदं करती ती. काय कमी हाय तिच्यात?'

मी दाराशी उभी होते. मायचं म्हणणं मला पटत होतं, हे सांगायला हवं. भाकरी मी करायची, पाणी भरायची, चहा करायची. मी निवडलेल्या तांदळात खडा सापडायचा नाही, आमच्या मावशीच्या गावापर्यंत त्याचं कौतुक होतं. शिवणही करायची. माझ्यात कमी असेल तर ती पुस्तकापुरती, असंच मी धरून चालले होते. तरी मला जायचं होतं. कुणीतरी मला मिजासखोर म्हणणार नाही अशा ठिकाणी. अण्णांनी त्यांच्या साऱ्या आयुष्यात मायचं न ऐकता फार थोड्या गोष्टी केल्या, त्यातली ही एक.

आम्ही तिघं परभणीला गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. शेजारच्या उघड्या दारातून तपासणीचा आवाज बाहेर येत होता. भिंतीवर अक्षरांचा तक्ता असणार. डॉक्टर त्यावर काठी टेकवायचे आणि आतला माणूस अक्षर म्हणायचा. वरच्या ओळीला काठीचा आवाज पोकळ यायचा, खालच्या ओळींना भरीव. माणसं आत जात होती, त्याच ओळी म्हणत होती, अडखळत होती, डॉक्टर चुका सुधारत होते. मी मुद्दाम ऐकलं नाही. पण माझ्या कानांना दुसरं काही येतच नव्हतं. माझी पाळी आली तोवर तो तक्ता माझ्या डोक्यात तयार होता.

डॉक्टरांनी एक डोळा झाकायला लावला. काठी वाजली. मी म्हटलं. खाली वाजली. मी म्हटलं. आणखी खाली. मी मान सरळ धरली होती. आपण इथं कशाला आलोय हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण कुणी वाचायला सांगितलं की आपण बरोबर म्हणायचं आणि पकडलं जायचं नाही, एवढं एकच मला इतकी वर्षं येत होतं. शेवटची ओळ संपली तेव्हा नेहमीसारखं बरंच वाटलं. सुटले एकदाची, असं.

'नजर चांगली आहे,' डॉक्टर म्हणाले. 'पुढचा.'

अण्णा घाईनं आत गेले. त्यांचं बोलणं मला बाहेर ऐकू येत होतं. 'साहेब, तिला दिसत नाही हो.'

'गुरुजी, शेवटची ओळ वाचली तिनं. माझ्यापेक्षा चांगली वाचली. रोज माणसं येतात इथं दाखला द्या म्हणून. मी असेच देत बसलो तर ज्याला खरंच दिसत नाही त्याच्या वाट्याला काय राहील? तुम्ही शिक्षक आहात.'

अण्णांना कुणी खोटं ठरवलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. ते बाहेर आले, पिशवी उचलली आणि म्हणाले, 'चला.'

मी उठले. झालं, मायच्या मनासारखं झालं. पोरीची नजर चांगली आहे असं सरकारी डॉक्टरनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. आता गावात ते सांगायला तोंड होतं. मायही उठली. तिच्या बांगड्या फाटकाकडं जातील म्हणून मी तिकडं वळले, पण आवाज उलट्या बाजूला गेला. ती दारात जाऊन उभी राहिली.

'सायेब, तिनं ते ऐकून म्हनलं.'

'म्हणजे?'

'हितं भाईर बसून ऐकलं. तशीच शिकलीय ती बारावीपतूर.'

 डॉक्टरांनी जरा हळू आवाजात विचारलं, 'घरात काही काम करते का?'

'समदं करती,' माय म्हणाली, सवयीच्या ठसक्यानं. 'भाकरी करती, पानी भरती, तांदूळ निवडती, शिवती बी...' आणि ती मधेच थांबली. छताचा पंखा खडखडत होता. ती पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

'सुईत दोरा म्या ओवून ठिवते. सकाळी उठून आदी तेच करते. तिला वाटतंय कालचाच दोरा हाय. तांदूळ म्या पैले निवडते, खडे काडून टाकते, आन मंग तिच्या पुढं सूप ठिवते. कपबशा म्या मांडून ठिवते. उंबऱ्यात काई पडू देत न्हाई. हिचे वडील वस्तू कुटंबी ठिवतेत, म्या मागं मागं फिरते. कापनीला गेले तरी दुपारी एकदा येऊन बगून जाते. तिला म्हनते, इळा इसरला व्हता. इळा माझ्या हातातच राहतो, सायेब.'

 मी भिंतीला टेकून उभी होते. तांदूळ मायनं आधी निवडलेला असायचा. दुपारी ती विळ्यासाठी यायची तेव्हा मी तिला हसायची, 'लय इसराळू झालीस.' तेव्हा ती म्हणायची, 'व्हय माय, वय झालं.'

डॉक्टरांनी मला परत आत बोलावलं. खोलीत अंधार करून माझ्या डोळ्यांत बारीक उजेड टाकून बराच वेळ बघितलं. मग समोर हात धरला असावा. 'किती बोटं आहेत?' त्यांनी विचारलं. मी अंदाजानं काहीतरी सांगू शकले असते. अशा वेळी बहुतेक माणसं कोणती बोटं धरतात ते मला ठाऊक होतं. दिसत नाही असं म्हणायला तोंड उघडेना. तेव्हा मी फक्त गप्प राहिले. तेवढंच मला जमलं. डॉक्टर लिहायला बसले. लिहून झाल्यावर मायला म्हणाले, 'फार चांगलं सांभाळलंत हो तुम्ही पोरीला.'

'सांबाळलं न्हाई सायेब,' माय म्हणाली, 'झाकलं.'

परतीच्या बसमध्ये आमच्या दोघींच्या मधे पिशवी होती. अण्णांनी पेरू घेतले होते, ते कुणी खाल्ले नाहीत. मला मायचा राग आला होता का? आज मी बसमधल्या त्या पोरीला विचारायला जाते तेव्हा ती उत्तर देत नाही. राग नव्हता बहुतेक. आपल्याला येतं म्हणून जे जे मोजलं होतं ते एकेक करून मी परत ठेवत होते, आणि शेवटी हातात काय उरतं ते बघत होते. शेजारी माय बसलेली होती आणि मला तिला हे सांगता येत नव्हतं. त्याआधी मी एकटी होते, पण घरात माझी म्हणून दोघं आहेत असं वाटायचं. त्या बसमध्ये ते वाटणंही थांबलं.

दुसऱ्या दिवशी मायनं सूप पुढं ठेवलं. मी म्हटलं, 'न निवडलेले दे.'  डब्यातून तांदूळ ओतल्याचा आवाज आला. मी सगळी सकाळ बोटांनी चाचपत बसले. जेवताना अण्णांच्या दाताखाली खडा आला. कच्च असा आवाज झाला, आणि अण्णा जेवत राहिले. मग मायच्या घासात आला. मग माझ्या. कुणी ताट सरकवलं नाही. आम्ही तो भात संपवला.

शिष्यवृत्ती मिळाली. गावात कळलं तेव्हा बायका घरी येऊन माझ्या तोंडापुढं हात हलवून बघून गेल्या, त्यांना वाटलं मला ते कळत नाही. मावशीच्या गावाकडून एका स्थळाचं बोलणं येत होतं, ते बंद झालं. आणि त्या ओढ्यावरच्या पोरींपैकी एक एवढंच म्हणाली, 'मंग सांगायचं न्हाई का गं आदीच?'

हे सगळं मी आता फोनला सांगते आहे. मी बोलते, तो लिहितो, आणि लिहिलेलं वाचून दाखवतो. 'माय' म्हटलं की तो 'माझं' लिहितो, ते मी दर वेळी दुरुस्त करते. त्या दाखल्याच्या जोरावर मी बी.ए. झाले, एम.ए. झाले, परभणीतच इतिहास शिकवला आणि निवृत्तही झाले. माय माझ्याकडं शेवटची काही वर्षं राहिली. दवाखान्यातल्या त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी एकमेकींशी कधीही बोललो नाही. लोकांना वाटतं, एवढं बोलून टाकल्यावर माणसं जवळ येतात. काही येत असतील.

वसतिगृहात मला सोडायला मायच आली. अण्णांची शाळा होती. खोलीत चार खाटा; पोरी कुठंतरी गेल्या होत्या. मायनं माझी ट्रंक उघडली आणि सवयीनं एकेक वस्तू काढून फळीवर मांडायला लागली. दंतमंजन, साबण, तेलाची बाटली, कंगवा. मी खाटेवर बसून ऐकत होते. मग आवाज थांबला. काही वेळानं तेच आवाज उलटे सुरू झाले. तिनं सगळं काढून परत ट्रंकेत टाकलं, एकावर एक, कसंही.

'काय करायलीस माय?'

'तूच लाव,' ती म्हणाली. 'म्या लावलं तर कुटं काय हाय ते माझ्याच ध्यानात राहील. आन म्या तर चालले.'

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, बोटं कानाजवळ कडाकडा मोडली. 'येते' म्हणाली आणि गेली. व्हरांड्यात तिच्या चपला एकदा थांबल्या. मी श्वास धरून ऐकत राहिले. मग त्या पुढं गेल्या, जिन्यावर उतरल्या आणि रस्त्याच्या आवाजात मिसळल्या.

मी ट्रंक लावली. किती वेळ लागला माहीत नाही. उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकून गेली. खाली जेवणाची घंटा झाली, पावलं धावली. मला जेवणघर कुठं आहे ते माहीत नव्हतं. समोरच्या खाटेवर एक पोरगी येऊन बसलेली मला कोपऱ्यातून दिसत होती, भिंतीला टेकलेली, अंगावर काहीतरी निळं. बराच वेळ ती काही बोलली नव्हती. मला वाटलं, ही पण नवीन असेल, लाजत असेल. मी मान सरळ धरली. मग सोडून दिली आणि तिच्याकडं तिरपंच बघितलं.

'मला दिसत नाही,' मी म्हटलं. 'मला जेवायला सोबत नेशील का?'

जन्मात पहिल्यांदा ते वाक्य माझ्या तोंडून निघालं होतं.  ती हलली नाही. मी उठून जवळ गेले, हात पुढं केला. भिंतीला उभी टेकवलेली गादीची वळकटी होती, निळ्या चादरीत गुंडाळलेली.

मी तिथंच खाटेच्या कडेवर बसले. हसू आलं आणि रडूही आलं, पण हसायला आणि रडायला दोन्हीला कुणीतरी लागतं. थोड्या वेळानं उठले आणि भिंत धरत दाराशी आले. व्हरांड्यातून चपला वाजत चालल्या होत्या, ताट-वाट्यांचा आवाज होता, कुणीतरी गुणगुणत होतं. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या खेपेला मोठ्यानं.

चपला थांबल्या.

'कोन बोलायलंय गं तितं?'

'मी,' म्हटलं. 'नवीन आहे. मला दिसत नाही.'